कपाट रिकामं झालं, मग बचत का नाही वाढली?

वाचकाचं पत्र:

मी ३७ वर्षांची. मी आणि नवरा दोघंही नोकरी करतो, मुलगी नऊ वर्षांची आहे. दीड वर्षापूर्वी आर्थिक स्वातंत्र्याबद्दल वाचलं आणि डोक्यात तेच घोळायला लागलं. ४५व्या वर्षी नोकरीची गरज उरता कामा नये, असं मनाशी ठरवलं. सुरुवात घर आवरण्यापासून केली. कपडे, भांडी, चादरी, पुस्तकं, मुलीची खेळणी... एकेक खोली घेत निम्म्याहून जास्त सामान बाहेर काढलं. काही विकलं, बरंचसं देऊन टाकलं. घर आता सुटसुटीत दिसतं, येणारे-जाणारे कौतुक करतात. पण एक्सेलमध्ये बघते तर बचत जिथल्या तिथे. दीड वर्षापूर्वी हातात येणाऱ्या शंभरातले वीस उरत होते, आजही वीसच उरतात. आजवरची पुंजी आमच्या चार वर्षांच्या खर्चाइतकी आहे. माझ्या हिशेबाप्रमाणे शंभरातले साठ वाचवले तर आठ वर्षांत जमतं. नवऱ्याला हे दाखवलं तर तो हसला. मागच्या महिन्यात त्याच्या जुन्या कॅमेऱ्यांचं खोकं मी त्याला न विचारता विकायला काढलं. ‘आता माझा नंबर कधी?’ एवढंच तो म्हणाला, आणि तेव्हापासून घरात जेवढ्यास तेवढं बोलणं आहे. आणखी काय काढू म्हणजे बचत वाढेल? माझा हिशेब बरोबर आहे का? आणि साथ न देणाऱ्या माणसाला कसं समजावू?

ता. क. विकायला काढलेली बरीच खोकी अजून एका खोलीत रचून ठेवली आहेत. मनासारखा भाव येत नाही म्हणून थांबले आहे.

उत्तर:

मधल्या प्रश्नापासून सुरू करते, कारण त्याचं उत्तर सोपं आहे. हिशेब बरोबर आहे. वर्षाची मिळकत शंभर धरली तर खर्च ऐंशी आणि हातातली पुंजी ३२०. खर्च चाळीसवर आणला की नोकरीशिवाय जगायला लागणारा निधी त्याच्या पंचवीस पट, म्हणजे १००० (पंचवीसच का, ते पुढे सांगते). दरवर्षी साठ बाजूला पडत गेले आणि महागाई वजा जाता ५ टक्के परतावा मिळाला, तर साडेसात वर्षांच्या थोडं पुढे तुम्ही तिथे पोचता. मी पुन्हा करून पाहिला, आकडेमोडीत कुठे खोट नाही. मात्र ‘खर्च चाळीसवर आणला’ हे तीन शब्द लिहायला एक सेकंद लागतो आणि जगायला तीन माणसं लागतात. त्यातल्या दोघांना तुम्ही अजून विचारलेलं नाही. त्याकडे येतेच.

आधी कपाटं. तुम्ही दीड वर्ष राबलात आणि बचत हलली नाही, याचं तुम्हाला आश्चर्य वाटतंय. मला वाटत नाही. वस्तूचे पैसे ती विकत घेतली त्या दिवशीच गेले. नंतर ती कपाटात पडून राहिली काय किंवा घराबाहेर गेली काय, तुमच्या जमाखर्चात त्यानं काहीच बदलत नाही. अपवाद आहेत: जिच्यावर हप्ता चालू आहे, जिचा विमा भरावा लागतो, जिची देखभाल करावी लागते, जी ठेवायला भाड्याची जागा लागते, अशी वस्तू घरातून गेली की दरमहा पैसे वाचतात. दुसरं वाहन हे त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण. पण चादरी आणि खेळणी दरमहा काही मागत नव्हती. ती काढून जागा मिळाली, निवांतपणा मिळाला, सकाळी वस्तू शोधायचा वेळ वाचला. हे सगळं खरं आहे आणि मी त्याला कमी लेखत नाही. फक्त ती बचत नव्हे.

एक आकडा सांगते, तो एक्सेलच्या वरच्या ओळीत लिहून ठेवा: तीनशे. वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट निधी हवा असेल, तर महिन्याच्या प्रत्येक खर्चामागे त्याच्या बारा गुणिले पंचवीस, म्हणजे तीनशे पट निधी उभा करावा लागतो. दरमहा शंभर जाणारी एखादी वर्गणी आयुष्यभर चालू ठेवायची तर तिच्यामागे तीस हजार साठलेले हवेत. उलट बाजूनं बघा. ती वर्गणी बंद केली तर गाठायची रक्कम तीस हजारांनी जवळ येते, आणि वर दरमहा शंभर साठतात ते वेगळेच. घरातलं जुनं सामान विकून तीस हजार उभे करायला किती खोकी लागतील, किती जणांशी घासाघीस करावी लागेल, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. एकदाच होणारी विक्री आणि दर महिन्याला येणारा खर्च यांची ताकद इतकी वेगळी असते. तुमची सगळी मेहनत कमी ताकदीच्या बाजूला लागली.

म्हणून ‘आणखी काय काढू’ याचं उत्तर: काही नाही. थांबा.

पण जे काढलंत ते वाया गेलं असंही नाही. विकण्यासाठी तुम्ही त्या वस्तूंचे फोटो काढले असतील. ते फोनमध्ये अजून असतील तर पुसू नका, एका संध्याकाळी निवांत बसून चाळा. आपण पैसे कशावर घालवतो याबद्दल माणूस स्वतःशीच बरंच खोटं बोलतो, पण हे फोटो खोटं बोलणार नाहीत. प्रत्येक फोटोपुढे एकच प्रश्न विचारा: ही वस्तू घरात आली कशी? नको का झाली, हे विचारू नका. ते तुम्हाला ठाऊकच आहे.

उत्तरांचे ढीग पडायला लागतील. काही वस्तू आधीची सापडली नाही म्हणून दुसऱ्यांदा घेतलेल्या असतात: कात्र्या, चार्जर, छत्र्या. हा ढीग आता आपोआप आटेल, कारण घर आवरलेलं आहे. आवराआवरीतून थेट पैसे वाचतात ते बहुतेक एवढेच. काही वस्तू केवळ सवलत होती म्हणून आलेल्या असतात. सवलतीत घेतलेल्या नकोशा वस्तूवर पन्नास टक्के वाचत नाहीत, पन्नास टक्के जातात. अशा घरानं दुकानांचे मेसेज बंद करावेत आणि फोनमधली खरेदीची ॲप काढून टाकावीत. दरवेळी मनाला आवर घालत बसण्यापेक्षा ते सोपं पडतं. काही वस्तू कंटाळा, थकवा किंवा रागाच्या भरात आलेल्या असतात. त्यांवर हिशेबाची वही काही करू शकत नाही. तिथे कंटाळ्याचं आणि थकव्याचं काय करायचं हाच विचार करावा लागतो. नोकरीचा वीट आलेला असेल, तर सुटका म्हणून खरेदी आणि सुटका म्हणून आर्थिक स्वातंत्र्य ही एकाच मुळाची दोन झाडं असू शकतात, हेही तपासून बघा.

आणि एक ढीग असतो ‘मी होणार असलेल्या’ माणसाचा. व्यायामाचं साहित्य, चित्रकलेचे रंग, शिवणयंत्र, परकीय भाषेची पुस्तकं. हा ढीग लाजिरवाणा वाटतो म्हणून लोक तो सगळ्यात आधी बाहेर काढतात. माझ्या मते तो सगळ्यात शेवटी काढावा, आणि काढण्यापूर्वी नीट बघावा. ४५व्या वर्षी नोकरी सुटली तर दिवसभर तुम्ही काय करणार, याचं उत्तर बऱ्याचदा त्याच ढिगात असतं. तुमच्या पत्रात कपडे, चादरी, टक्के आणि वर्षं सगळं आहे, पण ४६व्या वर्षीच्या एखाद्या साध्या मंगळवारी तुम्ही काय करत असाल, याबद्दल एक ओळ नाही. नोकरी सोडायची आहे की ही नोकरी सोडायची आहे? या दोन गोष्टींची किंमत फार वेगळी आहे. कमी पगाराचं पण आवडीचं काम करून निम्मा खर्च निघणार असेल, तर निधीही साधारण निम्माच लागतो.

तुम्ही न विचारलेला एक प्रश्न मी विचारते. घर आवरताना डबे, टोपल्या, रॅक, एकसारखे हँगर असं किती सामान विकत आणलंत? रागावू नका, बहुतेक घरांत हे होतं. अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये देनी दिदरो नावाचा विचारवंत होऊन गेला. त्याला एक सुंदर नवा झगा भेट मिळाला. त्या झग्यापुढे जुनी खुर्ची भिकार दिसायला लागली, मग मेज, मग भिंतीवरची चित्रं. एकेक करत खोलीतलं सगळं बदललं, आणि शेवटी जुन्या झग्याच्या आठवणीनं हळहळत त्यानं एक लेख लिहिला. पुढे १९८८मध्ये ग्रँट मॅक्रॅकन या मानववंशशास्त्रज्ञानं या साखळीला दिदरोचंच नाव दिलं. रिकाम्या, नीटनेटक्या खोलीचंही त्या झग्यासारखंच होतं. ती खोली स्वतःला शोभेल असं काही ना काही मागायला लागते. बाहेर गेलेल्या सामानाच्या जागी गेल्या दीड वर्षात काय काय आलं याची यादी केलीत, तर वीसचे वीसच का राहिले याचा काही भाग तिथेच सापडेल असा माझा अंदाज आहे.

उरलेला भाग मोठ्या खर्चांत आहे. गेल्या बारा महिन्यांची बँकेची आणि कार्डाची विवरणपत्रं काढा. आठवणीवर विसंबू नका, आणि तीन महिन्यांवर तर मुळीच नाही. वर्षातून एकदाच येणारे खर्च, म्हणजे विम्याचे हप्ते, शाळेची फी, दुरुस्त्या, प्रवास, तीन महिन्यांच्या यादीत दिसतच नाहीत आणि दरवर्षी ‘अचानक’ येतात. रकमेनुसार उतरत्या क्रमानं लावलंत की बहुतेक घरांत वर तीनच नावं दिसतात: राहण्याची जागा, येणं-जाणं आणि खाणं. हप्ते असतील तर चौथं. ऐंशीतला मोठा वाटा त्यातच असतो. लहान खर्चांवर रोज पहारा ठेवून माणूस दमतो, चिडचिडा होतो आणि घरच्यांनाही चिडवतो. मोठा निर्णय वर्षातून एकदाच घ्यावा लागतो आणि नंतर तो आपल्या आपण काम करत राहतो. कर्जाचा व्याजदर कमी करून घेणं, दुसरं वाहन ठेवायचं की नाही, एवढी मोठी जागा लागते का, विम्याच्या किती पॉलिसी खऱ्या संरक्षणासाठी आहेत आणि किती कुणाचा आग्रह मोडवेना म्हणून घेतल्या आहेत, असे ते निर्णय. तुम्ही निम्मं घर रिकामं केलंय. मग लहान जागेचा प्रश्न तरी विचारून पाहा. उत्तर ‘नाही’ आलं तरी हरकत नाही.

काटकसर कुठे करायची नाही, तेही सांगून टाकते. आजारपणाचा विमा, मिळवत्या माणसाचा आयुर्विमा, दात, चष्मा, टायर, गळकं छप्पर. इथे वाचवलेला पैसा व्याजासकट परत जातो. रोज वापरायची वस्तू चांगली घ्या आणि दुरुस्त करत वापरा. कार्डावर थकबाकी असेल तर बाकीचं सगळं सोडून ती आधी फेडा, कारण तिथलं व्याज कुठल्याही भरवशाच्या परताव्यापेक्षा जास्त असतं. सहा महिन्यांचा खर्च सहज काढता येईल अशा खात्यात ठेवा आणि तो स्वातंत्र्याच्या निधीत मोजू नका. गुंतवणुकीवर किती शुल्क कापलं जातं तेही बघा. ५ टक्क्यांतला १ टक्का शुल्कात गेला, तर तीस वर्षांनी हातात येणारी ठोक रक्कम जवळपास पाव हिश्शानं कमी होते. एवढं सांगून पुढे जाते, कारण यातलं बरंचसं तुम्ही केलं असेलच.

आता पंचवीस पटीकडे. हा आकडा आला कुठून ते ठाऊक असलेलं बरं, नाहीतर तो मंत्र होऊन बसतो. विल्यम बेंगेन या अमेरिकन आर्थिक सल्लागारानं १९९४मध्ये एक लेख लिहिला. १९२६पासूनची अमेरिकेतली शेअर आणि रोख्यांची आकडेवारी घेऊन त्यानं पाहिलं की वेगवेगळ्या वर्षी निवृत्त झालेल्या माणसानं पहिल्या वर्षी पुंजीतले किती टक्के काढावेत, आणि पुढे दरवर्षी महागाईइतके वाढवत न्यावेत, म्हणजे तीस वर्षं पैसे पुरतील. सर्वांत वाईट काळातही तरेल असा दर त्याला साधारण ४ टक्के सापडला. चारासाठी शंभर, म्हणजे एकासाठी पंचवीस. १९९८मध्ये टेक्सासमधल्या ट्रिनिटी विद्यापीठाच्या तीन प्राध्यापकांच्या अभ्यासानं हा आकडा जगभर पोचवला. पुढे गुंतवणुकीचे आणखी प्रकार हिशेबात धरून बेंगेननं स्वतःच तो थोडा वरही नेला.

त्यात तुमच्यासाठी तीन गोष्टी महत्त्वाच्या. हिशेब तीस वर्षांचा आहे. ४५व्या वर्षी थांबणाऱ्या माणसाला पंचेचाळीस, कदाचित पन्नास वर्षं पुरवायची असतात. हिशेब एका देशाच्या बाजाराचा आहे, आणि विसाव्या शतकात तो बाजार इतर अनेक देशांच्या मानानं नशीबवान होता. तिसरी गोष्ट अशी की सरासरी परतावा चांगला असूनही निवृत्तीनंतरची पहिली काही वर्षं वाईट गेली तर पुंजी सावरत नाही. अमेरिकेत १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात निवृत्त झालेल्यांच्या वाट्याला मरगळलेला बाजार आणि चढती महागाई एकदमच आली, आणि बेंगेनचा दर खाली खेचला तो त्याच काळानं. म्हणून लवकर थांबू पाहणाऱ्यानं ३ टक्के, म्हणजे तेहतीस पट धरावी असं मला वाटतं. परतावाही महागाई वजा जाता ३ टक्के मिळाला असं धरून एकदा हिशेब करा.

मी केला. साठ वाचवलेत तर आधीच्या सढळ हिशेबातल्या (पंचवीस पट, ५ टक्के) साडेसातऐवजी या कडक हिशेबानं (तेहतीस पट, ३ टक्के) बारा वर्षं लागतात. चाळीस वाचवलेत तर सढळ हिशेबानं पंधरा आणि कडक हिशेबानं तेवीस-चोवीस. आहे तसे वीसच वाचवत राहिलात तर सढळ हिशेबानंसुद्धा जवळपास पंचवीस. म्हणजे ४५ हे वय तुमच्या हातात असल्यासारखं दिसतं, पण खरं म्हणजे ते बऱ्याच प्रमाणात बाजाराच्या हातात आहे. वाचवायचं किती, एवढंच फक्त तुमच्या हातात आहे. तारखेला धरून बसलात तर बाजार पडेल त्या प्रत्येक वर्षी तुम्ही घरच्यांच्या आणखी चार गोष्टी बंद कराल. प्रमाण धरून चाललात तर बाजार पडलेल्या वर्षीही झोप लागेल.

माझं मत विचाराल तर शंभरातले चाळीस. साठ नाही. चाळीससाठी खर्च ऐंशीवरून साठवर, म्हणजे पाव हिश्शानं कमी करावा लागतो. मोठ्या खर्चांतले दोन-तीन निर्णय आणि पुढच्या प्रत्येक पगारवाढीतला निम्म्याहून जास्त भाग हाताला लागण्यापूर्वीच बाजूला टाकणं, एवढ्यावर ते काही वर्षांत जमतं. साठसाठी मात्र राहणीमान निम्म्यावर आणावं लागतं. काही घरं ते आनंदानं करतात. पण अशा घरांत दोघांनाही ते मनापासून हवं असतं.

आणि इथे तुमचे पती येतात.

‘साथ न देणारा माणूस’ असं तुम्ही लिहिलंय. पत्र पुन्हा वाचून पाहा. त्यांनी कशाला विरोध केला? घर आवरायला केला नाही. हिशेब बघून ते हसले. आठ वर्षं निम्म्या पैशात जगायचं असं कुणी एका संध्याकाळी स्क्रीनवर दाखवलं, तर हसू येणं ही त्यातल्या त्यात सौम्य प्रतिक्रिया म्हणायची. आणि त्यांनी जाब विचारला तो त्यांच्या कॅमेऱ्यांना तुम्ही न विचारता हात लावलात तेव्हा. तिथे चूक तुमची आहे, हे मी गोड शब्दांत सांगणार नाही. ज्याची वस्तू त्याचा निर्णय, घर आवरण्याच्या कामात एवढा एक नियम मोडला की बाकीचं सगळं शिस्तीचं न राहता जबरदस्तीचं होतं. ते खोकं आज त्या ढिगातून काढून त्यांच्या जागेवर ठेवा आणि सरळ माफी मागा. ‘पण’ हा शब्द त्या माफीत येऊ देऊ नका. जाता जाता, मुलीची खेळणी तिला विचारून दिली होतीत ना? नऊ वर्षांच्या मुलांना सगळं कळतं. आपल्या वस्तू आपण शाळेत असताना गायब होतात हे एकदा समजलं की मूल साठवायला लागतं, लपवायला लागतं. तुम्हाला हवं त्याच्या बरोबर उलटं.

मग थोडे दिवस जाऊ द्या. त्यानंतर एक्सेल न उघडता बसा आणि त्यांना दोन गोष्टी विचारा. पैशाची चिंता नसती तर तुझा आठवडा कसा असता? आणि आत्ता आपण करतो त्यातला कुठला खर्च तुला कधीही सोडावासा वाटणार नाही? पहिलं उत्तर ऐकताना मध्ये बोलू नका. दुसऱ्या उत्तरातला खर्च यादीत सगळ्यात वर लिहा आणि त्याला हात लावू नका. तुमचाही असा एखादा खर्च असेल, तोही लिहा. साथ मागण्यापूर्वी या योजनेत त्यांचं काय आहे ते दिसू द्या. आत्ताच्या योजनेत त्यांच्या वाट्याला फक्त नकार आलेत.

दोघांनाही दरमहा ठरावीक रक्कम अशी ठेवा की तिचा हिशेब कुणी कुणाला विचारायचा नाही. त्यांनी त्यातून आणखी एक जुना कॅमेरा आणला तरी भुवई उंचवायची नाही. जोडप्यांत पैशावरून होणारी भांडणं पुष्कळदा रकमेवरून होत नाहीत, ती परवानगी मागावी लागते म्हणून होतात. एवढ्याशा रकमेत ती टळत असतील तर सौदा फार स्वस्त आहे.

पहिलं पाऊल लहान आणि परत घेता येईल असं ठेवा. पुढचे तीन महिने शंभरातल्या सत्तरात घर चालवून पाहू, वरचे दहा पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाकू, आणि शेवटी दोघं मिळून ठरवू की कुठे टोचलं आणि कुठे कळलंसुद्धा नाही. टोचलं तिथले पैसे परत घ्यायचे. बाजूला पडलेले पैसे तर आहेतच, त्यामुळे प्रयोग फसला तरी नुकसान काही होत नाही. ‘आठ वर्षं चाळीसवर’ याला ‘नाही’ म्हणणारा माणूस ‘तीन महिने सत्तरवर’ याला बहुतेक वेळा ‘बघू’ म्हणतो. तुम्हाला सध्या तेवढंच हवंय. वर्षभरात सत्तर अंगवळणी पडलं की पासष्टचं बोलता येईल, आणि तोवर एखादी पगारवाढही झाली असेल.

राहता राहिली ता. क. मधली खोकी. भाव येत नाही याचं कारण बहुधा खरेदीदार कंजूष आहेत हे नसून वस्तू तुमच्या आहेत हे आहे. डॅनियल कानमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९०मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना कॉफीचा एकेक मग देऊन टाकला आणि नंतर त्याचा बाजार भरवला. ज्यांच्या हाती मग होता त्यांनी मागितलेली किंमत, बाकीचे द्यायला तयार असलेल्या किमतीच्या दुपटीहून जास्त निघाली. कॉफीचे मग तेच होते, काही मिनिटांपूर्वी मिळालेले. तुमच्या वस्तू तर अनेक वर्षांच्या आहेत. त्यामुळे मनातल्या भावाच्या निम्मा भाव लावा आणि पंधरा दिवसांची मुदत ठरवा. ज्या वस्तूला खरोखर किंमत येईल अशा चार-पाचच निवडून विका. बाकीचं मुदत संपेल त्या दिवशी जिथे उपयोग होईल तिथे देऊन या. आलेले पैसे त्या सहा महिन्यांच्या खात्यात टाका. आणि रिकाम्या झालेल्या खोलीत काय ठेवायचं, हे यावेळी तिघांनी मिळून ठरवा. काहीच ठेवायचं नाही असं ठरलं तरी चालेल.